सीईटीचा अभ्यास : आधी काय, नंतर काय आणि शेवटी काय?



प्राथमिक शाळेच्या बाईंनी इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेवर कशाला लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण आपल्या शाळेतून चौथी-पाचवी करून गेलेली मुलं बारावीला पोहोचली की त्यांचे आईवडील सल्ला विचारायला पुन्हा आपल्याकडेच येतात. गावात दुसरं विचारायचं तरी कुणाला? बहुतेकांच्या मोबाईलवर एक यादी असते : 'हे दहा चॅप्टर करा, सीईटी निघाली'. आणि प्रश्न एकच असतो, "बाई, एवढंच केलं तर चालेल ना?"

या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात देता येत नाही. अभ्यासाचा प्राधान्यक्रम लावलाच पाहिजे, कारण वेळ थोडा आणि अभ्यासक्रम मोठा असतो. पण हा क्रम दुसऱ्याच्या यादीवरून लागत नाही. तो आपल्या मुलाच्या वहीवरून लावावा लागतो. कसा, ते आज सविस्तर पाहू. उदाहरणासाठी आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी घेऊ, त्यातही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा गट.

आधी पेपर समजून घ्या

परीक्षा २०० गुणांची. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटे. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्ही मिळून वेळ ९० मिनिटे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. प्रश्नांपैकी साधारण २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर आणि ८० टक्के बारावीवर असतात.

आता थोडं गणित करू. २०० पैकी २० टक्के म्हणजे ४० गुण अकरावीचे. त्यातले २० एकट्या गणिताचे, १० भौतिकशास्त्राचे आणि १० रसायनशास्त्राचे. म्हणजे 'अकरावी सोडून दिली तरी चालते' असं म्हणणारा माणूस तुमच्या मुलाला ४० गुण सोडून द्यायला सांगतोय. त्याच वेळी हेही खरं, की बारावीच्या एका प्रकरणाचं वजन जास्त आहे. गणितात बारावीची १५ प्रकरणे आणि ४० प्रश्न, म्हणजे सरासरी एका प्रकरणाला पाच गुणांहून थोडे जास्त. अकरावीच्या एका प्रकरणाला सरासरी दोनच्या आसपास. ही सरासरी आहे, प्रत्यक्षात एखादं प्रकरण जास्त देतं, एखादं कमी. पण वेळ वाटताना हा अंदाज उपयोगी पडतो.

वेळेचा हिशोबही बघा. गणितात एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात. भौतिक-रसायनमध्ये एका प्रश्नाला फक्त ५४ सेकंद. आणि भौतिक-रसायनच्या ९० मिनिटांतून वाचलेला वेळ गणिताला वापरता येत नाही. मग भौतिकशास्त्राच्या लांबलचक उदाहरणांना वेळ आणायचा कुठून? रसायनशास्त्रातून. ज्याला रसायनशास्त्र नीट पाठ आहे, तो ५० प्रश्न ३० मिनिटांत उरकू शकतो. मग भौतिकशास्त्राला ६० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद मिळतात. रसायनशास्त्राची तयारी अशी दोनदा कामाला येते : एकदा स्वतःच्या गुणांसाठी आणि दुसऱ्यांदा भौतिकशास्त्राच्या वेळेसाठी. 'रसायन शेवटी बघू' म्हणणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

अजून एक. जेईई मेनची यादी सीईटीला लावू नका. तिथे चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, अकरावीचा वाटा बराच मोठा असतो आणि मुलं अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून करतात. सीईटीचा पाया म्हणजे आपल्या राज्य मंडळाची पुस्तके. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष दरवर्षी माहितीपुस्तिका आणि अभ्यासक्रम जाहीर करतो. अकरावीची कोणती प्रकरणे आहेत, पेपर कसा आहे, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच पक्कं करा.

यादीत न दिसणारी गोष्ट

आपण वर्गात वजाबाकी कच्ची असलेल्या मुलाला भागाकार शिकवायला बसत नाही. भागाकाराला परीक्षेत जास्त गुण असले तरी नाही. पूर्वज्ञान तपासायचं, मग पुढे जायचं, हे डीएडला आपण पहिल्याच वर्षी शिकलो. बारावीला गेलं की मात्र हे सगळे विसरतात.

'महत्त्वाचे चॅप्टर' सांगणारी यादी फक्त गुण सांगते. ते प्रकरण कशावर उभं आहे, हे सांगत नाही. उदाहरण घ्या. गणितात डेफिनिट इंटिग्रेशन प्रत्येक यादीत असतं. पण इनडेफिनिट इंटिग्रेशन आल्याशिवाय ते येत नाही. इनडेफिनिटसाठी डिफरन्सिएशनची सूत्रं तोंडावर हवीत. आणि या दोन्हींमध्ये पावलोपावली अकरावीच्या त्रिकोणमितीची सूत्रं लागतात. ती सूत्रं कच्ची असलेलं मूल डेफिनिट इंटिग्रेशनवर दहा दिवस घालवतं आणि अकराव्या दिवशी म्हणतं, "मला गणित जमतच नाही." त्याला गणित जमत होतं, फक्त त्याची पायरी चुकली होती.

म्हणून प्रत्येक प्रकरणाला तीन प्रश्न विचारायचे :

१. याला गुण किती?
२. हे येण्यासाठी आधी काय यावं लागतं, आणि हे आलं की पुढचं काय काय सोपं होतं?
३. माझी आज यात स्थिती काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मागील प्रश्नपत्रिकांमधून मिळतं. दुसऱ्याचं पुस्तकातून. तिसऱ्याचं उत्तर कुठेच छापलेलं नसतं, ते मुलाच्या वहीतून काढावं लागतं.

जोड्या लावा

दुसऱ्या प्रश्नाचा एक मोठा फायदा आहे. अकरावीचा अभ्यास वेगळा काढून बसण्याची गरज राहत नाही. अकरावीची बरीच प्रकरणे बारावीच्या प्रकरणांची पहिली पायरी आहेत. त्यांच्या जोड्या लावायच्या आणि एकत्रच करायच्या.

भौतिकशास्त्रात :
- अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स आणि बारावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स
- साउंड आणि सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्ज
- ऑप्टिक्स आणि वेव्ह ऑप्टिक्स
- थर्मल प्रॉपर्टीज आणि त्यानंतर कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स
- मोशन इन अ प्लेन आणि रोटेशनल डायनॅमिक्स
- सेमिकंडक्टर्स आणि सेमिकंडक्टर डिव्हायसेस

रसायनशास्त्रात :
- मोलची संकल्पना आणि सोल्युशन्स. खरं तर रसायनातली जवळजवळ सगळी उदाहरणं मोलवरच उभी आहेत
- रेडॉक्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्री
- अणुरचना, रासायनिक बंध आणि कोऑर्डिनेशन कंपाउंड्स
- ऑरगॅनिकची मूलतत्त्वं, हायड्रोकार्बन्स आणि मग हॅलोजन डेरिव्हेटिव्हजपासून अमाइन्सपर्यंतची सगळी साखळी

गणितात :
- फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी, मग डिफरन्सिएशन आणि त्याचे उपयोग, मग इंटिग्रेशन, मग डिफरन्शियल इक्वेशन्स
- स्ट्रेट लाइन आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स
- व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन
- प्रॉबेबिलिटी, मग प्रॉबेबिलिटी डिस्ट्रिब्युशन, मग बायनॉमियल

यात डिफरन्सिएशन आणि व्हेक्टर्सकडे विशेष लक्ष द्या. ही दोन प्रकरणे गणितात तर कामाला येतातच, पण भौतिकशास्त्रातही सतत भेटतात. व्हेक्टर्सशिवाय चुंबकीय बल समजत नाही आणि डिफरन्सिएशनशिवाय दोलनाचा वेग काढता येत नाही. अशा प्रकरणांना मी 'घराचा उंबरा' म्हणते. तो ओलांडल्याशिवाय पुढच्या खोल्यांत जाता येत नाही.

याउलट काही प्रकरणे सुटी आहेत. त्यांना फारसं पूर्वज्ञान लागत नाही. गणितात मॅथेमॅटिकल लॉजिक, लिनिअर प्रोग्रामिंग, अकरावीचं मेझर्स ऑफ डिस्पर्शन. रसायनात पॉलिमर, बायोमॉलिक्युल्स, ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्री. भौतिकशास्त्रात मॅग्नेटिक मटेरियल्स, सेमिकंडक्टर. ज्या मुलाचा पाया कच्चा आहे आणि धीर सुटत चालला आहे, त्याला आठवड्यातून एक असं सुटं प्रकरण जरूर द्या. दोन-तीन दिवसांत एक प्रकरण पूर्ण झालं, प्रश्न सुटले, की मूल पुन्हा पुस्तक उघडायला लागतं. हा उपाय आपण पहिलीच्या वर्गात रोजच करतो की!

तीन रंगांचा तक्ता

आता तिसरा प्रश्न : मुलाची स्थिती. एक मोठा कागद घ्या. तिन्ही विषयांची सगळी प्रकरणे लिहा. प्रत्येक प्रकरणाचे मागील प्रश्नपत्रिकांमधले २० प्रश्न, घड्याळ लावून सोडवायचे. गणिताला ३६ मिनिटे, भौतिक-रसायनला १८ मिनिटे. मग रंग द्या.

हिरवा : १५ किंवा जास्त बरोबर, तेही वेळेत.
पिवळा : ८ ते १४ बरोबर, किंवा १५ च्या वर पण वेळ जास्त लागला.
लाल : ८ पेक्षा कमी.

हे आकडे काही कायदा नाही, आपल्या सोयीची रेघ आहे. महत्त्वाचं म्हणजे रंग मुलाने स्वतः आणि सोडवून झाल्यावर द्यायचा. "हे मला येतं" असं आठवून द्यायचा नाही. वाचलेलं ओळखीचं वाटणं वेगळं आणि सुटणं वेगळं.

रंग दिले की क्रम असा लावा :

पहिला नंबर पिवळ्या प्रकरणांचा, त्यातही ज्यांना गुण जास्त आहेत त्यांचा. इथे मुलाला अर्धं येत असतं, थोड्या मेहनतीत गुण वाढतात. गंमत म्हणजे मुलं नेमकी हीच टाळतात. एकतर आवडीचं हिरवं प्रकरण पुन्हा पुन्हा सोडवत बसतात, नाहीतर घाबरून लाल प्रकरणात अडकतात.

दुसरा नंबर लाल, पण उंबऱ्याच्या प्रकरणांचा. त्रिकोणमितीची सूत्रं लाल असतील तर ती पिवळ्याच्याही आधी घ्यावी लागतील, कारण त्यांच्यामुळेच पुढची दोन-तीन प्रकरणे पिवळी राहिलेली असतात.

तिसरा नंबर लाल आणि सुट्या छोट्या प्रकरणांचा.

शेवटी लाल, मोठी, वेळखाऊ आणि ज्यांच्यावर पुढचं फारसं काही उभं नाही अशी प्रकरणे. वेळ उरला तर करायची. नाही उरला तर त्यातली सूत्रं आणि व्याख्या तेवढ्या वाचायच्या.

हिरव्या प्रकरणांचं काय? त्यांना सोडायचं नाही. आठवड्यातून एकदा दहा-दहा प्रश्न. पाणी न घातलेलं रोप सुकतं, तसं हिरवं प्रकरण महिन्याभरात पिवळं होतं.

एक उदाहरण करून पाहू

समजा एका मुलीकडे गणितासाठी ४० तास आहेत. तिचा तक्ता असा : मॅट्रायसेस हिरवं. त्रिकोणमितीची सूत्रं पिवळी. इनडेफिनिट इंटिग्रेशन पिवळं, डेफिनिट लाल. व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन पिवळी. प्रॉबेबिलिटी डिस्ट्रिब्युशन लाल, कारण ते प्रकरण तिने उघडलेलंच नाही.

यादीप्रमाणे गेली तर ती डेफिनिट इंटिग्रेशनने सुरुवात करेल आणि अडकेल. आपल्या पद्धतीने तिचा क्रम असा लागेल : त्रिकोणमितीची सूत्रं ४ तास, इनडेफिनिट इंटिग्रेशन १२ तास, लगेच डेफिनिट ६ तास, व्हेक्टर्स आणि लाइन अँड प्लेन मिळून १० तास, प्रॉबेबिलिटी डिस्ट्रिब्युशन ५ तास. मॅट्रायसेसला अधूनमधून ३ तास. झाले ४० तास.

डेफिनिटला फक्त ६ तास का? कारण इनडेफिनिट पक्कं झालं की डेफिनिटमध्ये नवीन शिकायचं म्हणजे मुख्यतः मर्यादा आणि गुणधर्म. तिथले काही प्रश्न तर गुणधर्म माहीत असेल तर अर्ध्या मिनिटात सुटतात. शून्य ते π/२ या मर्यादांमध्ये 'साइन भागिले साइन अधिक कोसाइन' यांचं इंटिग्रेशन विचारलं, तर नुसता गुणधर्म वापरून उत्तर π/४ येतं. गुणधर्म माहीत नसणारं मूल त्याच प्रश्नावर पाच मिनिटं झगडतं.

चुकांची वही

रंगांच्या तक्त्याइतकीच महत्त्वाची दुसरी वही. चुकलेला प्रत्येक प्रश्न लिहायचा आणि पुढे एकच अक्षर टाकायचं. 'सं' म्हणजे संकल्पनाच समजली नव्हती. 'सू' म्हणजे सूत्र आठवलं नाही. 'आ' म्हणजे आकडेमोड चुकली. 'वा' म्हणजे प्रश्न वाचण्यात चूक झाली, 'नाही' हा शब्द सुटला किंवा एकक बदललं. आठवड्याच्या शेवटी मोजायचं.

हे का? कारण कितीदा तरी मूल म्हणतं, "माझा इलेक्ट्रोस्टॅटिक्स कच्चा आहे," आणि वही काही वेगळंच सांगते. एक साधं उदाहरण. एकसर जोडलेले ३ आणि ६ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आहेत. एकूण किती? इथे १/३ अधिक १/६ करायचं असतं. बरोबर बेरीज १/२, म्हणून उत्तर २ मायक्रोफॅरड. पण मूल घाईत वरचे वर आणि खालचे खाली मिळवतं, २/९ काढतं आणि ४.५ ला खूण करतं. पर्यायांमध्ये ४.५ ठेवलेलंच असतं बरं का! आता सांगा, हे मूल बारावीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये कच्चं आहे की पाचवीच्या अपूर्णांकांत?

सीईटीला कॅल्क्युलेटर चालत नाही. अपूर्णांक, दशांश, दहाचे घात, वर्ग, वर्गमूळ, पाढे सगळं हातानेच. ज्याच्या वहीत 'आ' जास्त, त्याने नवीन प्रकरण हाती घेण्याआधी रोज वीस मिनिटे आकडेमोड करावी. त्यात कमीपणा काही नाही. ५४ सेकंदांच्या प्रश्नात आकडेमोडीचे दहा सेकंद वाचले तर ती मोठी कमाई आहे.

शेवटचा महिना

बारावी बोर्डाची लेखी परीक्षा संपल्यावर सीईटीपर्यंत जो काळ मिळतो, त्यात लाल रंगाची मोठी प्रकरणे नव्याने उघडू नयेत. दिवसाआड एक पूर्ण पेपर, खऱ्या परीक्षेच्या वेळेतच सोडवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या चुका. पेपर सोडवायला तीन तास लागतात, तसे चुका तपासायलाही तीन तास द्यायचे. नुसते पेपर सोडवत गेलं तर त्याच चुका घट्ट होतात.

पेपरच्या आतही प्राधान्यक्रम असतो. पहिल्या फेरीत दिसताक्षणी सुटणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत विचार करावे लागणारे, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांना उत्तर. गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. चार पर्यायांपैकी अंदाजाने लावलेल्या वीस उत्तरांतली सरासरी पाच बरोबर येतात. पण अंदाज हा उरलेल्यांसाठी असतो, अभ्यासाऐवजी नाही.

पालकांना तीन विनंत्या

पहिली : तुम्हाला विज्ञान येत नसलं तरी तक्ता आणि चुकांची वही बघता येते. "किती तास बसलास?" यापेक्षा "या आठवड्यात कोणतं प्रकरण पिवळ्याचं हिरवं झालं?" असं विचारा. मुलालाही बरं वाटतं, आपल्यालाही खरं काय ते कळतं.

दुसरी : पर्सेंटाइल आणि टक्के यांत गल्लत करू नका. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा देणाऱ्यांपैकी ९० टक्के मुलांचे गुण याच्याइतके किंवा याच्यापेक्षा कमी आहेत, असा त्याचा अर्थ. मॉक टेस्टला २०० पैकी ११० पडले म्हणून मुलाला रागावण्याआधी हे लक्षात घ्या.

तिसरी : 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून विकली जाणारी पुस्तिका घेण्याआधी राज्य मंडळाची पुस्तके आणि मागील प्रश्नपत्रिका घरात आहेत का ते बघा. गणिताचा पेपर इंग्रजीतूनच असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला बारावीत गेल्यावरही प्रश्नातल्या शब्दांनी अडायला होतं. गणितातल्या नेहमीच्या इंग्रजी शब्दांची एक यादी त्याच्या भिंतीवर लावा. त्याला काहीच खर्च येत नाही.

आणि आपल्यासाठी

शिक्षक मित्रांनो, हा लेख बारावीच्या मुलांसाठी वाटला तरी त्यातला अर्धा भाग आपला आहे. मोठी शुल्कं भरून लावलेल्या क्लासमध्ये व्हेक्टर्स शिकवतात, अपूर्णांकांची बेरीज कुणी शिकवत नाही. ती येतेच असं धरून चालतात. ज्यांच्या घरी क्लासचे पैसे नाहीत, त्या मुलांकडे तर आपण दिलेली शिदोरीच असते. पाचवीत छेद समान करायला लावताना, सहावीत दशांशचिन्हाची जागा दाखवताना, शाब्दिक उदाहरण दोनदा वाचायला लावताना आपण सीईटीचीच तयारी करून घेत असतो. पाचवीच्या वर्गातही असा तीन रंगांचा तक्ता करता येतो. दहा घटक, तीन रंग, एक कागद. मुलं स्वतःचे रंग स्वतः भरायला शिकली, की बारावीला त्यांना दुसऱ्याची यादी लागणार नाही.